मॉरिशस : डोडोनंतरचे रान

मुंबई-पुण्याच्या कोणत्याही नव्या गृहसंकुलात शिरताना फाटकाच्या दोन्ही अंगांना एक ठेंगणे झाड बहुधा दिसतेच. बुंधा माठासारखा फुगलेला, वर एकदम निमुळता झालेला आणि शेंड्यावर मोजकी चार-सहा झापे. रोपवाटिकावाले त्याला 'बॉटल पाम' म्हणतात आणि नगावर विकतात. हे झाड मूळचे मॉरिशसच्या उत्तरेला असलेल्या 'राउंड आयलंड' नावाच्या खडकाळ बेटावरचे. त्या बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. जगभरच्या बागांत या पामची रोपे अमाप झाली, त्याच काळात त्याच्या मायभूमीत मात्र ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. मॉरिशसच्या निसर्गाची कहाणी पुष्कळशी या झाडासारखीच आहे.

मॉरिशस म्हटले की आपल्याला निळा समुद्र, मधुचंद्राच्या सहली आणि उसाचे मळे आठवतात. बेट हिरवेगार आहे यात शंका नाही. मात्र विमानतळावरून मुक्कामी जाताना खिडकीतून जे दिसते, त्यातले जवळजवळ काहीच मूळचे तिथले नाही. ऊस बाहेरून आला, गुलमोहर मादागास्करहून आला. तारेवर बसलेली साळुंकी आणि कुंपणावर शीळ घालणारा शिपाई बुलबुल हे दोघेही मूळचे भारतातले. रस्ता ओलांडणारे मुंगूसही आपलेच. अस्सल मॉरिशसचे, म्हणजे माणूस येण्यापूर्वीचे रान चांगल्या अवस्थेत उरले आहे ते बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी जागेत. पर्यटकांच्या बसगाड्या सहसा तिथवर जात नाहीत.

हे बेट ज्वालामुखीतून जन्मले, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी. मादागास्करच्या पूर्वेस साधारण ९०० किलोमीटरवर असलेल्या या भूमीचा कोणत्याही खंडाशी कधीच सांधा नव्हता. त्यामुळे वाऱ्यावर उडून, लाटांवर वाहून किंवा पंखांवर बसून जे पोहोचू शकले तेवढेच येथे रुजले. वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी येथे स्वतःहून आला नाही. मांसाहारी श्वापद नाही, उंदीर नाही, माकड नाही. अशा निर्धास्त मुलखात पक्ष्यांना पळण्याची आणि झाडांना काटे धरण्याची गरज उरत नाही. सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ६९० मूळ जाती येथे नोंदवल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या २७० च्या आसपास जाती जगात अन्यत्र कोठेही नाहीत. कोयनेच्या जलाशयासकट एखाद्या तालुक्याएवढ्या भूभागात एवढी स्वतंत्र वनसंपदा असावी ही साधी गोष्ट नव्हे. मॉरिशसच्या मुख्य बेटाचे क्षेत्रफळच अवघे १,८६५ चौरस किलोमीटर आहे.

डोडो आणि सुरत

१५९८ साली डच दर्यावर्दी येथे उतरले आणि आपल्या राजपुत्राच्या, मॉरिट्सच्या नावावरून त्यांनी बेटाला नाव दिले. अरबांना आणि पोर्तुगीजांना बेट आधी ठाऊक होते, पण वस्ती कोणी केली नव्हती. डचांनी १६३८ मध्ये ठाणे वसवले. डोडोची शेवटची विश्वसनीय मानली जाणारी नोंद आहे १६६२ ची, तीही मुख्य बेटावरची नव्हे तर किनाऱ्यालगतच्या एका लहान बेटावरची. तो त्यानंतरही काही वर्षे आतल्या रानात तग धरून असावा, असा संशोधकांचा कयास आहे. तरीसुद्धा पहिल्या भेटीपासून शंभर वर्षांच्या आत एक संपूर्ण जात संपली, हे निश्चित.

डोडो हा कबुतराच्या कुळातला पक्षी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानुसार आज हयात असलेल्या पक्ष्यांमध्ये त्याचा सर्वांत जवळचा नातलग म्हणजे निकोबार कबूतर, आपल्या निकोबार बेटांवर आढळणारे. चित्रकारांनी रंगवलेला लठ्ठ, मंद, मूर्ख डोडो हा बराचसा कल्पनेचा खेळ होता. आधुनिक अंदाजांप्रमाणे त्याचे वजन १० ते १८ किलोंच्या दरम्यान असावे आणि तो आपल्या रानात चांगला चपळ असावा. त्याच्या मूर्खपणाचा पुरावा एवढाच, की त्याला माणसाची भीती ठाऊक नव्हती.

डोडोचा भारताशी एक थेट संबंध आहे आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नसतो. पीटर मंडी हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर १६२८ ते १६३४ या काळात हिंदुस्थानात होता. सुरतेला आपण दोन डोडो पाहिल्याचे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. जहांगीर बादशहाच्या दरबारातला निसर्गचित्रकार उस्ताद मन्सूर याच्या नावे असलेले डोडोचे एक रंगीत चित्र सेंट पीटर्सबर्ग येथे जतन केलेले आहे. जिवंत पक्षी समोर ठेवून काढलेल्या मोजक्या चित्रांपैकी ते एक असावे आणि रंगांच्या बाबतीत सर्वांत भरवशाचे, असे पक्षिशास्त्रज्ञ मानतात. युरोपीय चित्रकार भुसभरल्या पक्ष्यावरून आणि एकमेकांच्या नकलेवरून काम करत होते; मन्सूरचा डोडो मात्र सडपातळ, तपकिरी आणि खराखुरा वाटतो.

त्याला मारले कोणी? माणसाने खाल्ले म्हणून तो संपला, असे शाळेत शिकवले जाते. ऑक्सफर्ड येथे जतन केलेल्या डोडोच्या मस्तकात शिशाचे छर्रे असल्याचे २०१८ मध्ये क्ष-किरण तपासणीतून उघड झाले, तेव्हा या समजाला बळकटीच मिळाली. परंतु बेटावर त्या काळी डच वस्ती काही शेकड्यांपलीकडे क्वचितच गेली असेल. एवढ्या लोकांनी घनदाट रानातले सगळे पक्षी वेचून मारणे अवघड होते. खरा घात केला तो जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि आग्नेय आशियातून आणलेल्या लांब शेपटीच्या माकडांनी. जमिनीवर उघड्यावर घातलेले अंडे त्यांना आयतेच सापडले. १६३९ मध्ये डचांनी जावाहून हरणे आणली, तीही रानात मोकळी सुटली. १७१० मध्ये डच कंटाळून बेट सोडून गेले, प्राणी मात्र राहिले.

आबनूस, ऊस आणि एक फ्रेंच कायदा

डचांना येथे हवे होते ते आबनुसाचे काळेभोर लाकूड. मॉरिशसचा आबनूस हा आपल्या टेंभुर्णीचा सख्खा भाऊबंद. विडीची पाने ज्या टेंभुर्णीपासून मिळतात तिचेच हे कुळ आणि तीच प्रजाती. फार संथ वाढणारे हे झाड एकदा तोडले की दोन-तीन पिढ्यांनी परत येत नाही. डचांनी मोठाले वृक्ष निवडून नेले, पण रान मोडले नाही. रान मोडले ते पुढे, उसासाठी, फ्रेंच अमदानीत थोडे आणि १८१० नंतर इंग्रजी अमदानीत भराभर.

फ्रेंचांच्या काळातली एक गोष्ट मात्र दाद देण्याजोगी आहे. पिएर प्वाव्र हा तेव्हाचा प्रशासक. पाँप्लेमूसची प्रसिद्ध बाग त्यानेच नावारूपाला आणली, लवंग-जायफळाची रोपे डचांच्या मक्तेदारीतून सोडवून आणणारा गृहस्थही हाच. रान तोडले की पाऊस कमी होतो आणि माती वाहून जाते, हे त्याच्या लक्षात आले होते. १७६९ मध्ये त्याने नियम केला, की प्रत्येक जमीनमालकाने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा जंगल म्हणून राखावा. डोंगरउतार आणि नदीकाठ यांनाही हात लावू नये. पर्यावरण हा शब्द कोणी उच्चारत नव्हते त्या काळातला हा कायदा. तो पुरता पाळला गेला नाही, हे सांगायला नकोच. तरी आज जे अवशेष उरले आहेत ते मुख्यतः डोंगरमाथ्यांवर आणि घळींमध्ये आहेत, यात त्या जुन्या विचाराचा वाटा आहे.

उसाबरोबर माणसे आली. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजुरांचे तांडे येऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकण आणि देशावरची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते. ज्या वाकोआ शहराचे नाव आपण वाचतो, ते नाव 'वाकोआ' या झाडावरून पडले आहे. वाकोआ म्हणजे केवड्याच्या कुळातले झाड. आपले मजूर त्या मळ्यांत पोहोचले तेव्हा निदान केवड्याची पाने तरी त्यांना ओळखीची वाटली असतील.

रानाचा शेवटचा मोठा तुकडा मोडला गेला तो मात्र वसाहतीच्या काळात नव्हे. देश १९६८ मध्ये स्वतंत्र झाल्यानंतर, १९७० च्या दशकात, जागतिक बँकेच्या पैशाने ले मार परिसरातील खुरटे, दुर्मीळ रान साफ करून तिथे पाइनची लागवड करण्यात आली. विकासाच्या नावाने झालेल्या या तोडीचा फटका गुलाबी कबूतर आणि एको पोपट या दोघांनाही बसला.

आपल्याकडून गेलेले पाहुणे

या बेटाच्या नाशात आपल्या ओळखीचे प्राणी किती, याची यादी पाहिली की थोडे अवघडल्यासारखे होते. उसावरच्या टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी १७६२ च्या सुमारास भारतातून साळुंक्या नेण्यात आल्या. किडीवर पक्षी सोडण्याच्या पहिल्या प्रयोगांपैकी हा एक म्हणून पुस्तकांत त्याचा उल्लेख असतो. साळुंकी तिथे इतकी फोफावली, की झाडांच्या ढोलींवर तिचाच हक्क झाला. १८९२ मध्ये शिपाई बुलबुल पोहोचला आणि परक्या झाडांच्या बिया रानभर पेरू लागला. आपला हिरवा पोपटही पिंजऱ्यातून सुटला. प्लेगाची साथ आल्यावर उंदीर मारण्यासाठी १९०० च्या सुमारास मुंगसे सोडली गेली. आपल्याकडे मुंगूस दिसणे शुभ मानतात; मॉरिशसच्या पाखरांना तसे वाटण्याचे कारण नव्हते. चिचुंद्रीसुद्धा जहाजांतून गेली आणि लहान बेटांवरच्या सापसुरळ्यांची शत्रू झाली.

झाडांमध्ये सर्वांत मोठा उपद्रव एका पेरूचा आहे. मूळ ब्राझीलचा, बोराएवढ्या लाल फळांचा हा पेरू तिथे 'चिनी पेरू' म्हणून ओळखला जातो. रानात तो इतका दाट माजतो, की मूळ झाडांच्या रोपांना जमिनीवर ऊनच पोहोचत नाही. माकडे, डुकरे आणि बुलबुल त्याच्या बिया पसरवतात. आणि तरीही हंगामात सहकुटुंब रानात जाऊन हे पेरू तोडणे, मीठ-मिरची लावून खाणे हा मॉरिशसवासीयांचा आवडता कार्यक्रम आहे. वनखात्याने पेरूची झाडे उपटायला घेतली की लोक नाराज होतात. करवंदांच्या जाळ्या उपटायला कोणी आले तर कोकणात काय होईल, याची कल्पना केली म्हणजे अडचण समजते.

चार पक्षी

१९७४ साली मॉरिशसचा केस्ट्रेल, म्हणजे तिथला छोटा ससाणा, रानात अवघा चार उरला होता. त्यांत वीण घालणारी जोडी एकच. हा जगातला सर्वांत दुर्मीळ पक्षी ठरला. रानात झाडांमधून वळणे घेत पाली पकडणारा हा पक्षी. त्याचे पंख इतर ससाण्यांपेक्षा आखूड व गोलसर आहेत. गावकरी त्याला 'कोंबडीखाऊ' म्हणत आणि दिसला की मारत. त्या बिचाऱ्याला कोंबडीचे पिल्लू उचलणेही जड जावे. पण त्याला खरे पोखरले ते मलेरिया निर्मूलनासाठी १९४८ नंतर सुमारे दोन दशके फवारलेल्या डीडीटीने. डीडीटीमुळे अंड्यांचे कवच पातळ होते आणि उबवताना ते फुटते. वटलेल्या ढोलीत माकडे शिरत, घरट्याखाली उतरलेल्या पिल्लांना मुंगूस टिपत असे.

१९७९ मध्ये कार्ल जोन्स हा वेल्सचा तरुण जीवशास्त्रज्ञ येथे आला. प्रकल्प गुंडाळून परत यायचे, अशीच त्याला सूचना होती. त्याने तसे केले नाही. त्याची पद्धत साधी होती. मादीने घातलेली पहिली अंडी उचलायची, म्हणजे ती पुन्हा अंडी घालते. उचललेली अंडी यंत्रात उबवायची, पिल्ले हाताने वाढवायची, मग ती रानातल्या जोड्यांना दत्तक द्यायची किंवा कड्यावरच्या पेटीत ठेवून हळूहळू मोकळी करायची. रानातल्या जोड्यांना पांढरे उंदीर खाऊ घालायचे, म्हणजे त्या अधिक अंडी घालतात. घरट्यांसाठी लाकडी पेट्या टांगायच्या, सभोवार मुंगसांसाठी सापळे लावायचे. पक्षी वाचवायचा तर आधी त्याचा निवारा संपूर्ण सुधारला पाहिजे, ही त्या काळची पंडिती भूमिका होती. जोन्सचे म्हणणे असे, की तोवर पक्षीच उरला नाही तर निवारा कोणासाठी? १९९४ पर्यंत तीनशेहून अधिक पक्षी रानात सोडण्यात आले. याच वर्षी ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या ६,५७४ हेक्टरांच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाची स्थापना झाली.

गुलाबी कबुतराचीही तीच गत होती. १९९० च्या सुमारास रानात दहाच्या आसपास पक्षी होते. जपानी सीडरच्या एका लागवडीत ते घरटी करीत, कारण त्याच्या टोचऱ्या पानांमुळे माकडे वर चढत नसत. जेराल्ड डरेल याने १९७६ मध्ये येथे येऊन ही पाखरे पाहिली आणि त्यांच्यावर 'गोल्डन बॅट्स अँड पिंक पिजन्स' हे पुस्तक लिहिले. जर्सी बेटावरील त्याच्या प्राणिसंग्रहालयात आणि मॉरिशसमध्ये पिंजऱ्यातली वीण सुरू झाली. आज रानात ही कबुतरे चारशेच्या वर आहेत. एको पोपट, आपल्या पोपटाचा नातलग, १९८० च्या दशकात दहाच्या आसपास आला होता. २०२० च्या सुमारास तो साडेसातशेच्या पुढे गेला. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत कबुतराचा दर्जा २०१८ मध्ये आणि पोपटाचा २०१९ मध्ये 'धोक्यात' वरून 'असुरक्षित' असा सुधारला. या कामासाठी २०१६ मध्ये जोन्स यांना इंडियानापोलिस पुरस्कार देण्यात आला.

येथे कथा सुखान्त झाली असे लिहून थांबता येत नाही. केस्ट्रेलची संख्या पुढे घटू लागली आणि २०१४ मध्ये त्याला पुन्हा 'धोक्यात' असलेल्यांच्या यादीत टाकावे लागले. गुलाबी कबुतरांची तपासणी केली तेव्हा आढळले, की दहा पाखरांच्या वंशातून आलेल्या या कळपात दोषयुक्त जनुके साचली आहेत. युरोपातील प्राणिसंग्रहालयांत जपलेल्या जुन्या वंशाचे रक्त मिसळले नाही, तर पन्नास ते शंभर वर्षांत ही जात संपू शकते, असा इशारा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दिला आहे. संख्या चारशे झाली म्हणून बँकेतली शिल्लक वाढली असे होत नाही. ठेव तीच, फक्त सुट्टे पैसे जास्त.

पाली, केवडा आणि लाल मध

मॉरिशसच्या झाडांबद्दल सांगावे तितके थोडे. 'बुक्ल दोरेय', म्हणजे कानातले डूल, हे १९९२ पासून तिथले राष्ट्रीय फूल. जास्वंदीच्या कुळातले हे झुडूप रानात केवळ नैर्ऋत्येच्या ल मोर्न या एकाच डोंगरावर सापडते. पळून गेलेले गुलाम ज्या डोंगराच्या आश्रयाला जात तोच हा डोंगर. त्याच्या फुलातला मध रंगीत, लालसर असतो. फुलातला मध पाण्यासारखा नितळ असायचा, रंगीत मध ही जगात दुर्मीळ गोष्ट. त्याच प्रजातीतल्या दुसऱ्या एका झुडपाचा अभ्यास केला तेव्हा कळले, की त्याचे परागीभवन करते ती एक हिरवी, दिवसा हिंडणारी पाल आणि रंगीत मध तिला अधिक आवडतो. ही पाल केवड्याच्या काटेरी पानांच्या बेचक्यांत राहते, कारण तिथे ती सुरक्षित असते. म्हणून केवड्याच्या बनाजवळच्या झुडपांना फळे अधिक धरतात, लांबच्या झुडपांना कमी. केवडा तोडला तर फूल राहील, फळ राहणार नाही. फुले आणि त्यांचे ग्राहक यांची ही साखळी कोणी ठरवून राखली नव्हती आणि ती तुटल्यावर लगेच कोणाच्या ध्यानातही येत नाही.

अशाच एका साखळीवरून १९७७ मध्ये मोठा वाद झाला. तांबालाकोक नावाचा वृक्ष, आपल्या चिकू-मोहाच्या कुळातला. त्याची म्हातारी झाडेच उरली आहेत, नवी रोपे उगवत नाहीत. कारण त्याचे टणक बी डोडोच्या पोटातून गेल्याखेरीज रुजत नाही, असा सिद्धांत स्टॅन्ली टेंपल या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडला. त्याने टर्की कोंबड्यांना सतरा बिया भरवल्या. सात फुटल्या, उरलेल्या दहांपैकी तीन रुजल्या. कथा इतकी गोड होती, की ती जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. पण ती टिकली नाही. पोटातून न गेलेल्या बियाही रुजतात आणि डोडो संपल्यानंतर जन्मलेली झाडे रानात आहेत, हे इतरांनी दाखवून दिले. झाडाचे खरे वैरी पुन्हा माकडे, डुकरे आणि तण हेच. तरीही मराठीत डोडोवर लिहिणारे अनेक जण आजही हीच गोष्ट सांगतात.

टेंपलचा तपशील चुकला, दिशा मात्र अगदी चुकीची नव्हती. आबनुसाची मोठी फळे गिळणारी मॉरिशसची महाकाय कासवे अठराव्या शतकात खलाशांनी खाऊन संपवली होती. माहेबूर गावासमोरच्या इल ओ झेग्रेत या २६ हेक्टरांच्या प्रवाळखडकाच्या बेटावर आबनुसाचे रान उरले, पण फळे झाडाखालीच कुजत पडत. २००० सालापासून तिथे अल्दाब्रा बेटांवरची परकी, पण सवयीने सारखी असलेली कासवे सोडण्यात आली. कासवांनी फळे खाल्ली, बिया दूरवर टाकल्या आणि पोटातून आलेल्या बिया अधिक चांगल्या रुजल्या, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. नामशेष प्राण्याची जागा दुसऱ्याला देण्याचा हा प्रयोग आता इतरत्रही उदाहरण म्हणून सांगितला जातो. राउंड आयलंडवरही १९७९ मध्ये शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे हटवल्यानंतर पाम परत उगवू लागले आणि २००७ पासून तिथेही कासवे चरत आहेत. त्या बेटावर एक बोआ साप आहे, त्याचा वरचा जबडा दोन तुकड्यांत दुमडतो. दुसरी बिळात राहणारी जात १९७५ नंतर कोणी पाहिलेली नाही.

आणि क्यूरपीपच्या सरकारी बागेत एक उंच, किडकिडीत पाम उभा आहे. त्याच्या जातीचे जगात ज्ञात असलेले झाड हे एकच. नर आणि मादी फुले एकाच झाडावर येतात, पण वेगवेगळ्या वेळी उमलतात, त्यामुळे बी धरत नाही. प्रयोगशाळेत रोपे करण्याचे प्रयत्न झाले, बाहेर काढल्यावर ती जगली नाहीत. याउलट रॉड्रिग्ज बेटावर १९८० च्या सुमारास एका शाळकरी मुलाने रानकॉफीचे एक झाड शोधून काढले. ही जात संपली असे समजले जात होते. त्याच्या फांद्या १९८६ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात गेल्या, जगल्या, पण सतरा-अठरा वर्षे बी धरेना. अखेर कार्लोस माग्दालेना या उद्यानतज्ज्ञाने ते साधले आणि रोपे मायदेशी परतली.

वटवाघळांचा खटला

सध्या मॉरिशसमध्ये निसर्गावरून सर्वांत तापलेला प्रश्न पक्ष्यांचा नसून वटवाघळांचा आहे. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या तीन जाती या बेटावर होत्या, उरली एकच. डोडो आणि कासवे गेल्यावर मोठ्या बिया रानभर नेण्याचे काम आता मुख्यतः तिच्याकडे आहे. तिला लिची आणि आंबाही आवडतो. लिचीच्या बागाईतदारांची तक्रार खोटी नाही. हंगामाच्या ऐन तोंडावर झाड ओरबाडलेले पाहणे काय असते, हे आपल्याकडच्या बागायतदारांना सांगायला नको. २०१५ मध्ये सरकारने कायदा बदलून संरक्षित प्राण्यांच्या शिकारीची वाट मोकळी केली आणि त्या व पुढच्या वर्षी मिळून ३८ हजारांहून अधिक वटवाघळे गोळ्या घालून मारण्यात आली. फळांचे नुकसान त्यामुळे थांबले नाही. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघाने या जातीला 'धोक्यात' असलेल्यांच्या यादीत घातले आणि त्याच वर्षी सरकारने पुन्हा शिकारीला मंजुरी दिली. झाडांवर घालायची जाळी सवलतीत देण्याची योजनाही आहे. तिने नुकसान कमी होते, पण परसातल्या उंच, जुन्या लिचीच्या झाडाला जाळे घालणे कठीण. मत द्यायचे झाले तर या लेखकाचे मत जाळ्यांच्या बाजूने आहे; बंदुकीचा खर्च दरवर्षी करावा लागतो आणि त्यातून एकही लिची अधिक मिळाल्याचे सिद्ध झालेले नाही.

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशियो' हे मालवाहू जहाज पोआंत देस्नी येथे खडकावर चढले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. इल ओ झेग्रेत त्याच्या अगदी जवळ. लोकांनी उसाच्या पाचटाच्या आणि केसांच्या पिशव्या शिवून समुद्रात तरंगते बांध घातले. बेटावरच्या रोपवाटिकेतली रोपे आणि चष्मेवाला पक्ष्याच्या जातीची काही दुर्मीळ पाखरे होडीतून मुख्य बेटावर हलवली गेली. लहान बेटांवरच्या पाली आणि सापसुरळ्या खोक्यांत घालून जर्सीला विमानाने पाठवण्यात आल्या.

मॉरिशसला जाणाऱ्यांपैकी ज्यांना हे रान पाहायचे असेल त्यांनी माहेबूरजवळून इल ओ झेग्रेतची होडी धरावी. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनचे वाटाडे बेट दाखवतात. आबनूस, कासवे आणि गुलाबी कबुतरे तिथे हमखास दिसतात. एको पोपटासाठी ब्लॅक रिव्हर गॉर्जेसमधील माकाबे भागात सकाळी लवकर जावे. जवळच गंगा तलाव आहे, तिथे दर्शनाला जाणारे भाविक माकडांना केळी घालतात. ती घालू नयेत.